बाबांची गोळी आणि पेशीच्या दारावरची कडी

घाटंजीचा_मास्तर (रविवार, रात्री ९:१०)

मंडळी, धागा लांबणार आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कापसाची वेचणी जोरात होती आणि बाबांच्या गोळ्यांचा एक पत्ता संपला. तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला, तेव्हापासून चार गोळ्या चालू. संपली ती मेटोप्रोलॉल. तालुक्याला जायला कोणालाच सवड नव्हती आणि बाबांचं म्हणणं, "मले बरं वाटून रायलं, मंग काहून खाची?" पाचव्या दिवशी दिवस मावळताना पऱ्हाटीत कापसाचं गाठोडं डोक्यावर घेता घेता ते मटकन खाली बसले. सदरा घामानं भिजलेला, एक हात छातीवर, दुसऱ्या हातात गाठोड्याचं टोक तसंच धरलेलं. १०८ ची गाडी आली, यवतमाळला नेलं, वाचले.

तिथल्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की ही गोळी अशी एकदम तोडायची नसते. बाबांनी खाटेवरूनच विचारलं, "काहून?" डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले होते. वॉर्डात त्या दिवशी जमिनीवरही गाद्या होत्या, त्यांना तरी काय बोलायचं. मग बाबा माझ्याकडे वळले. "तू मास्तर हायेस नं? तू सांग."

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो आणि मला सांगता आलं नाही. त्या हिवाळ्यात शोधत गेलो तेव्हा रॉबर्ट लेफकोविट्झ या एका माणसाच्या पन्नास वर्षांच्या कामाशी येऊन थांबलो. त्या कामाबद्दल लिहिल्याशिवाय आता मला राहवत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. बैल उधळला, साप दिसला, की आपल्या रक्तात ॲड्रेनॅलिन येतं आणि छाती धडधडते. पण हे ॲड्रेनॅलिन हृदयाच्या पेशीच्या आत जातच नाही. ते बाहेरूनच दाराची कडी वाजवतं आणि आतली माणसं कामाला लागतात. त्या कडीला म्हणायचं ग्राही, म्हणजे रिसेप्टर. १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलं की या कड्या दोन जातींच्या असाव्यात, अल्फा आणि बीटा. पण कडी कोणी पाहिली नव्हती. खुद्द आल्क्विस्ट कितीतरी वर्षं तिला एक कल्पनाच मानत होते. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात बीटा कडी दाबून धरणारं प्रोप्रॅनोलॉल बनवलं, लोकांची छातीदुखी थांबली, तरीही कडी मात्र अदृश्यच.

रॉबर्ट लेफकोविट्झ यांचा जन्म १९४३ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. घरी तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना पाहून लहानपणीच ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं, आणि १९६६ मध्ये झालेही. संशोधन डोक्यात नव्हतं. व्हिएतनामच्या युद्धात डॉक्टरांचीही भरती होत होती. त्याऐवजी सरकारी आरोग्य सेवेत दोन वर्षं द्यायची सोय होती, म्हणून १९६८ मध्ये ते बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आले. काम मिळालं एका संप्रेरकाला किरणोत्सारी आयोडीन जोडून त्याची कडी शोधण्याचं. वर्षभर एक प्रयोग धड जमेना. त्याच काळात वडील हृदयविकारानं गेले. त्यांनी मनाशी ठरवलं, पुरे झालं, आपण रुग्णच तपासू. बोस्टनला जायची तयारीही केली. आणि शेवटच्या काही महिन्यांत प्रयोग लागला!

बोस्टनच्या वॉर्डात काम करताना मात्र प्रयोगशाळेवाचून करमेना. मला हा भाग फार जवळचा वाटतो. ज्या गोष्टीनं वर्षभर रडवलं, तिच्याचसाठी जीव तुटायला लागला.

१९७३ मध्ये ते ड्यूक विद्यापीठात गेले आणि बीटा कडीच्या मागे लागले. त्यांच्या गटानं अल्प्रेनोलॉल हा एक बीटा ब्लॉकर, म्हणजे बीटा कडी दाबून धरणारं औषध, घेतला, त्याला किरणोत्सारी हायड्रोजन जोडला आणि तो पेशीवर किती ठिकाणी चिकटतो ते मोजलं. अल्प्रेनोलॉल म्हणजे बाबांच्या पत्त्यातल्या गोळीचाच भाऊ म्हणा. पहिल्यांदाच कड्या *मोजता* आल्या. आणि मोजता आल्यावर कळलं की कड्यांची संख्या कायम नसते. ॲड्रेनॅलिन सारखं वाजवत राहिलं की पेशी आधी बहिरी होते, मग कड्या आत ओढून घेते. कोणी वाजवेनासं झालं की नव्या बसवते.

बाबांच्या "काहून"चं उत्तर इथे होतं.

त्या संध्याकाळी ओसरीवर त्यांना सांगितलं: "बाबा, गोळी कड्या दाबून धरते. आतल्यांना वाटते कोणी येऊनच नाई रायलं, म्हणून ते दाराला आनखी कड्या लावते. तुमी गोळी तोडली आन् त्या साऱ्या कड्या एकदम वाजाले लागल्या." बाबा बराच वेळ देवळीतल्या डबीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे दोष मायाच होता." मी म्हटलं, दोष नाही, कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढचं थोडक्यात. पेशीत ही कडी इतकी कमी असते की शुद्ध करायला लाखभर पट गाळावं लागलं, त्यात दहाएक वर्षं गेली. १९८६ मध्ये त्यांच्या गटानं एका औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांबरोबर बीटा-२ कडीचा जनुक वाचला. ते काम प्रयोगशाळेत ब्रायन कोबिल्का करत होते. वाचून पाहतात तर ही कडी ऱ्होडॉप्सिनची सख्खी बहीण निघाली. ऱ्होडॉप्सिन म्हणजे डोळ्यात उजेड टिपणारं प्रथिन. दोघींची साखळी पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जाते, गोधडी शिवताना सुई खाली-वर जावी तशी. पाहणं आणि घाबरणं, दोन्हींची कडी एकाच घडणीची! मग कळलं की वास, चव, हिस्टामीन, सेरोटोनिन यांच्याही कड्या याच कुळातल्या. माणसात असे सुमारे ८०० ग्राही आहेत आणि आज बाजारातल्या औषधांपैकी जवळपास एक तृतीयांश औषधं याच कुळावर काम करतात.

२०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल लेफकोविट्झ आणि कोबिल्का यांना मिळालं. फोन आला तेव्हा लेफकोविट्झ कानात बोळे घालून झोपले होते, बायकोनं कोपरानं ढोसून उठवलं. आणखी एक, हे मला सगळ्यात जास्त लागलं: या माणसाला स्वतःलाही हृदयाची बायपास करावी लागली आहे.

राळेगाव_कोरडवाहू (रविवार, रात्री १०:०२)

मास्तर, लय चांगलं लेयलं. आमच्या घरी पन मायले हार्ट फेल सांगतलं हाय, पाय सुजते, दम लागते. तिले पन ह्याच जातीची गोळी देल्ली, कार्व्हेडिलॉल. मले एक समजून नाई रायलं. दिल आधीच थकलेलं हाय, मंग त्याले आनखीन हळू कराची गोळी काहून देते? जोर याची द्याले पायजे नं?

सिस्टर_आर्वी (रविवार, रात्री १०:४०)

मास्तर, २२ वर्षं ग्रामीण रुग्णालयात काढली. पेरणी आणि वेचणी, वर्षातून दोनदा हेच होतं. बीपीची गोळी, दम्याचा पंप, मिरगीची गोळी, सगळं त्या दोन महिन्यांत तुटतं. मी आता बायांना सांगते, जून लागायच्या आधी आणि दिवाळीच्या आधी दोन पत्ते जास्तीचे घेऊन ठेवा. बियाण्याच्या यादीतच लिहून टाका.

राळेगाव दादा, आईला झोपताना किती उशा लागतात? आणि वजन रोज सकाळी करता का? दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर लगेच दाखवा, थांबू नका. गोळी मात्र मनानं बंद करू नका.

घाटंजीचा_मास्तर (सोमवार, सकाळी ६:५०)

राळेगाव भाऊ, तुमचा प्रश्न मोठमोठ्या डॉक्टरांचाही होता. कितीतरी वर्षं पुस्तकात छापलेलं असे की हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर देऊच नका. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अशा ७ रुग्णांना तो दिला आणि ते सुधारले. फार कोणी विश्वास ठेवला नाही. वीस-पंचवीस वर्षांनी मोठ्या चाचण्या झाल्या. १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल या दोन गोळ्यांच्या दोन वेगवेगळ्या चाचण्यांत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पहिलीत २,६४७ रुग्ण होते, दुसरीत ३,९९१.

आता "काहून". भरल्या गाडीचा बैल चढावर थकला की नवखा गाडीवान तुतारी, म्हणजे टोचायची काठी, टोचतो. बैल दोन पावलं जोरात टाकतो. परत टोचतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी बैलाला टोचणं जाणवेनासं होतं, आणि तसंच रेटलं तर तो बसतो. थकलेल्या हृदयाला शरीर ॲड्रेनॅलिनची आणि त्याच्या भावंडांची तुतारी रात्रंदिवस टोचत असतं. पेशी कड्या आत ओढून बहिऱ्या होतात. गोळी ती तुतारी काढून घेते. सुरुवातीला बैल आणखी हळू चालेल, म्हणून डॉक्टर अगदी लहान डोसपासून सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवतात. आईला पहिल्या पंधरवड्यात जास्त थकवा वाटला तर घाबरू नका, पण डॉक्टरांना कळवा. दम किंवा सूज वाढली तर त्याच दिवशी दाखवा.

राळेगाव_कोरडवाहू (सोमवार, सकाळी ७:१५)

तुतारीचं समजलं. मायले वाचून दाखोलं. ते म्हने, "मंग मले काय बैल समजला का," पन गोळी घेतली. उशा तीन लागते सिस्टर. वजनकाटा आनतो आज.

सूक्ष्मदर्शिका (सोमवार, दुपारी १:२०)

सर, मी अमरावतीला एमएस्सी करते, जैवरसायन. लेख वाचून डबा तसाच राहिला.

एका जागी तुम्ही घाईत निघून गेलात आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. पेशी बहिरी *कशी* होते? लेफकोविट्झ यांच्या गटाला यात दोन वेगळी प्रथिनं सापडली. पहिलं म्हणजे वाजत असलेली कडी ओळखून तिच्यावर फॉस्फेटची खूण मारणारं किनेज. साध्या कडीला ते हात लावत नाही, वाजणारीलाच लावतं. दुसरं बीटा-अरेस्टिन, ते खूण झालेल्या कडीला येऊन बिलगतं. मग आतला निरोप्या, म्हणजे जी-प्रथिन, तिथे पोचूच शकत नाही. (जी-प्रथिनासाठी गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ चं नोबेल मिळालं होतं.) पुढे हेच अरेस्टिन कडीला पेशीच्या आत ओढून न्यायला मदत करतं. आणि ही कल्पना आली कुठून? डोळ्यातूनच. ऱ्होडॉप्सिनला गप्प करणारं अरेस्टिन आधी माहीत होतं. बहीण सापडली म्हणून बहिणीची सासरची माणसंही शोधली.

नंतर असं दिसलं की अरेस्टिन नुसतं गप्प करत नाही, स्वतःचा वेगळा निरोपही आत पाठवतं. म्हणजे एकाच कडीचे दोन आवाज. मग विचार आला की एकच आवाज काढणारी औषधं बनवता येतील. हृदयासाठी तसं एक औषध बनवलंही, टीआरव्ही-०२७, पण रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. हे सांगायलाच हवं, कारण वर्गात आम्हाला फक्त यशाच्याच आकृत्या दाखवतात. वेदनाशामक ऑलिसेरिडिनला मात्र २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते याच विचारातून आलेलं.

आपल्याकडे आयआयटी कानपूरला अरुण शुक्ला यांची प्रयोगशाळा अरेस्टिनवर काम करते. ते लेफकोविट्झ यांच्याकडे काम करून परत आले. त्यांना २०२१ चा भटनागर पुरस्कार मिळाला. माझ्या टेबलासमोर त्यांच्या एका शोधनिबंधातली आकृती चिकटवलेली आहे.

आणि कोबिल्का मिनेसोटातल्या लिटल फॉल्स नावाच्या छोट्या गावचे, वडील बेकरीवाले. माझे वडील दर्यापूर तालुक्यात पिठाची गिरणी चालवतात. जेव्हा जेव्हा प्रयोगात माझं जेल बिघडतं तेव्हा मी हे आठवते.

घाटंजीचा_मास्तर (सोमवार, दुपारी ४:०५)

सूक्ष्मदर्शिका ताई, बरोबर पकडलंत. किनेज फक्त वाजणाऱ्या कडीलाच खूण करतं हे मला माहीत नव्हतं. आज पाचव्या तासाला वर्गात सांगितलं. एका पोरीनं विचारलं, "सर, मग बाकीच्या कड्या ऐकत राहतात का?" तिला काय सांगू?

सूक्ष्मदर्शिका (सोमवार, सायंकाळी ५:३०)

तिला सांगा, अगदी मुद्द्याचा प्रश्न आहे. हो, या प्रकारच्या बहिरेपणात न वाजलेल्या कड्या शाबूत राहतात. पण दुसराही एक प्रकार आहे, त्यात दुसरं किनेज सरसकट सगळ्यांवर खूण करतं, वाजलेल्या असोत की नसोत. तिचं नाव वहीत लिहून ठेवा सर.

पीएचसी_निवृत्त (सोमवार, रात्री ८:४५)

बाप्पा, तुम्ही सारे बीटाबद्दल बोलून राहिले, मी अल्फाबद्दल सांगतो.

८० च्या दशकाच्या सुरुवातीला मी पुसदकडल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. मृग लागला की लाल विंचवाचे रुग्ण सुरू. एक पोरगा आणला, आठ वर्षांचा, गोवऱ्या काढताना चावलेला. दंश दिसतही नव्हता. पण अंगरखा पिळून काढावा असा घाम, ओकाऱ्या, हातपाय बर्फासारखे गार, आणि पहाटे खोकल्यातून गुलाबी फेस. माझ्याकडे जे जे होतं ते सर्व दिलं. नाही वाचला. त्याची माय दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, तिला सांगायला मला पाच मिनिटं बाहेर निघताच आलं नाही.

लाल विंचवाचं विष नसांच्या टोकांना उघडं करतं आणि ॲड्रेनॅलिनच्या जातीची रसायनं पुरासारखी सुटतात. अल्फा कड्या एकदम वाजतात, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हृदयावर भार येतो, फुप्फुसात पाणी भरतं. हे नीट टिपलं डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या केंद्रात बसून. मूळचे जालना जिल्ह्यातले, शिकले मात्र आमच्या नागपूरच्या मेडिकलला. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि १९८६ मध्ये प्राझोसिनबद्दलचं. प्राझोसिन म्हणजे अल्फा कडी दाबून धरणारी साधी, स्वस्त गोळी. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तो कागद माझ्या हाती आल्यानंतरच्या पावसाळ्यात एक मुलगी आली, तशीच गार. गोळी दिली. सिस्टरला एवढंच काम सांगितलं की दर अर्ध्या तासानं पायाची बोटं हातात धरून पाहायची, आणि घरच्यांना सांगायचं की तिला उठवून बसवायचं नाही, कारण या गोळीनं उभं केलं की रक्तदाब खाली येतो. पहाटे सिस्टर धावत आली, "सर, बोटं गरम झाली." मी जाऊन स्वतः धरून पाहिली.

एक इशारा देतो. विंचवाच्या रुग्णाला बीटा ब्लॉकर द्यायचा नसतो. बीटा दाबून अल्फा मोकाट सोडली तर रक्तवाहिन्या आणखी आवळतात. कडी कोणती ते ओळखूनच हात घालावा लागतो.

सिस्टर_आर्वी (सोमवार, रात्री ९:२०)

सर, त्या बोटांचं वाचून डोळ्यात पाणी आलं. हे काम आम्हीच करतो आणि कुठे लिहिलं जात नाही.

तुरीचं_वावर (मंगळवार, दुपारी २:१०)

मी इथे कधी लिहीत नाही. पण विचारायचं आहे.

२०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत माणसं गेली, तुम्हाला माहीत आहे. माझ्या भावालाही तेव्हाच लागलं. कपाशी त्याच्या डोक्याच्या वर होती, पंप पाठीवर, औषध तोंडावर येत होतं. घरी आला तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर, नाडी लागेना. दवाखान्यात त्याला एकच इंजेक्शन पुन्हा पुन्हा देत होते, ॲट्रोपिन. रात्रभर. मी मोजत होते, मग मोजणं सोडलं. सकाळी त्याचं तोंड इतकं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटली आणि तो पाणी मागायला लागला. डॉक्टर म्हणाले, कोरडं पडलं, चांगलं झालं. मला ते तेव्हा कळलं नव्हतं. हीसुद्धा कडीचीच गोष्ट आहे का?

पीएचसी_निवृत्त (मंगळवार, दुपारी ३:००)

हो ताई, कडीचीच. त्या जातीची कीटकनाशकं ॲसिटिलकोलिन या नसांचा निरोप नेणाऱ्या रसायनाला मोडणाऱ्या विकराला बंद पाडतात. मग ॲसिटिलकोलिन साचतं आणि लाळग्रंथी, फुप्फुसं, हृदय, डोळे यांच्यावरच्या मस्कारिनिक कड्या सारख्या वाजत राहतात. ॲट्रोपिन त्या कड्या झाकतं. छातीतली घरघर थांबेपर्यंत आणि नाडी वर येईपर्यंत देतच राहावं लागतं. तोंड कोरडं पडलं म्हणजे कड्या झाकल्या गेल्याची खूण. डॉक्टर त्यालाच चांगलं म्हणाले.

श्वासाच्या स्नायूंवरच्या कड्या मात्र वेगळ्या कुळातल्या, तिथे ॲट्रोपिन चालत नाही. म्हणून कितीतरी जणांना व्हेंटिलेटर लागला. भाऊ आता कसा आहे?

सूक्ष्मदर्शिका (मंगळवार, दुपारी ३:४०)

ताई, मस्कारिनिक ग्राहीसुद्धा त्याच सात टाक्यांच्या गोधडीतले. ॲड्रेनॅलिनच्या कडीचे चुलत भाऊ म्हणा.

तुरीचं_वावर (मंगळवार, सायंकाळी ६:३०)

बरा आहे. फवारणी सोडली, आता शेळ्या आहेत. त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, त्या रात्रीची तहान अजून आठवते.

घाटंजीचा_मास्तर (बुधवार, रात्री ८:००)

बाबा रोज विचारतात, "धाग्यावर काय आलं?" रोज वाचून दाखवतो. विंचवाचं ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांची धाकटी बहीण अशीच गेली होती, अंग गार पडून. हे मी आज पहिल्यांदा ऐकलं.

सूक्ष्मदर्शिका ताई, रविवारी गावी येता का? पोरांना सात टाके आणि अरेस्टिन फळ्यावर काढून दाखवायचं आहे, ते माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं येईल. यवतमाळहून घाटंजीची बस आहे, स्टँडवर मी मोटारसायकल घेऊन उभा राहीन.

सूक्ष्मदर्शिका (बुधवार, रात्री ८:२५)

येते सर. तो प्रश्न विचारणारी मुलगी असेल ना?

पीएचसी_निवृत्त (बुधवार, रात्री ८:५०)

मीही येतो. बीपीचं मशीन घेऊन येतो.

घाटंजीचा_मास्तर (बुधवार, रात्री ९:०५)

असेल, पुढच्याच बाकावर. रविवारी दुपारी चार वाजता, शाळेच्या व्हरांड्यात. बाबा आत्तापासून पारावर निरोप देत आहेत की ज्याच्या त्याच्या घरचे गोळ्यांचे पत्ते घेऊन या, रिकामे झालेले पन.